स्क्वाड्रन लीडर देवय्या : चौदा वर्षांनी मिळालेली साक्ष

म्हैसूरमध्ये छात्रांना युद्धेतिहास शिकवताना 1965 च्या हवाई युद्धाचा पाठ मी स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या यांच्यापासून सुरू करतो. ते शेजारच्या कोडगू जिल्ह्याचे. त्या वेळी कोडगू म्हैसूर राज्यातच होता.

मोहीम : 7 सप्टेंबर 1965 रोजी पहाटे आदमपूरहून बारा मिस्टेर विमाने पाकिस्तानच्या सरगोधा तळावर हल्ला करण्यास निघाली. नेतृत्व विंग कमांडर ओ. पी. तनेजा यांचे होते. मिस्टेर हे एकाच वैमानिकाचे लढाऊ-बॉम्बफेकी विमान. जाऊन येण्यास इंधन जेमतेम पुरणार होते. चकमकीत गुंतल्यास परतणे कठीण. देवय्या राखीव होते. ताफ्यातले विमान गळाले, तरच त्यांनी पुढे जायचे होते. एक विमान गळाले आणि ते गेले.

झुंज : फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेन यांच्या एफ-104 स्टारफायटरने त्यांना गाठले. स्टारफायटरचा वेग ध्वनीच्या दुप्पट. मिस्टेर सरळ उड्डाणात ध्वनीचा वेगही गाठत नसे. विमानाला मार बसूनही देवय्या उलटून भिडले आणि त्यांनी स्टारफायटर पाडले. हुसेन हवाई छत्रीने वाचले. देवय्या परतले नाहीत.

नोंद : ही झुंज आपल्या ताफ्यातील कोणी पाहिली नव्हती. त्यामुळे आपल्या दप्तरी देवय्या केवळ 'बेपत्ता' राहिले. 1979 मध्ये ब्रिटिश लेखक जॉन फ्रिकर यांचे पाकिस्तानी बाजूने लिहिलेले पुस्तक आले. त्यातील तपशील आपल्या नोंदींशी ताडल्यावर स्टारफायटर पाडणारा वैमानिक कोण, हे उलगडले. 1988 मध्ये देवय्यांना मरणोत्तर महावीर चक्र जाहीर झाले. आज मडिकेरीत त्यांच्या नावाचा चौक आहे.

बोध : शौर्य त्याच सकाळी घडले होते, साक्ष मिळायला चौदा वर्षे लागली, आणि तीही प्रतिपक्षाकडून. म्हणून मी छात्रांना सांगतो, शत्रूचे म्हणणेही वाचा, वेळ आणि ठिकाण ताडून पाहा. हुतात्म्याला वंदन करावेच. पण त्याचे काय झाले, हे शोधून नीट लिहून ठेवणे, हेही सैनिकाचेच काम आहे.

विचार करा :
1. राखीव वैमानिकाची तयारी इतरांइतकीच का लागते?
2. साक्षीदार नसलेली घटना कोणकोणत्या नोंदींवरून सिद्ध करता येईल?