गाडी राहू दे, माणसं आत न्या

मे महिन्यात डॅलसहून कोलोरॅडोला आरव्ही घेऊन निघताय, सोबत दोन्ही मुलं आणि माझी ताई. जरूर जा. फक्त 287 नंबरच्या हायवेने टेक्सासचा पॅनहँडल ओलांडताना वादळांचा हंगाम ऐन भरात असेल, म्हणून चार गोष्टी आधीच कानावर घालते.

तू विचारलंस, वादळ आलं तर आरव्ही कुठे उभी करायची? अगं, टॉर्नेडोत आरव्हीला आसरा नसतोच. उंच, सपाट बाजू आणि पातळ भिंती. वाऱ्याला अंग द्यायला एवढं पुरे होतं. टॉर्नेडोची सगळ्यात खालची पायरी, ईएफ-0, ताशी 65 मैलांच्या वाऱ्यापासून सुरू होते आणि अशी गाडी आडवी व्हायला तेवढंही लागेलच असं नाही. आसरा शोधायचा तो माणसांसाठी. गाडीला विमा असतो. भाड्याच्या गाडीच्या विम्यात काय बसतं, हे जावईबापूंना निघण्यापूर्वी नीट वाचायला सांग.

आता वॉच आणि वॉर्निंग. ओक्लाहोमातल्या नॉर्मनच्या हवामान केंद्रातून टॉर्नेडो वॉच निघतो, तो मोठ्या टापूसाठी आणि काही तासांसाठी. हवा तशी जमून आली आहे, एवढाच त्याचा अर्थ. वॉर्निंग म्हणजे टॉर्नेडो डोळ्यांनी किंवा रडारवर दिसला आहे. मग हातात मिनिटं उरतात. घरात राहणारे वॉर्निंग झाल्यावर हलले तरी चालतं, आरव्हीतल्यांनी वॉचलाच हलायचं. ताईच्या गुडघ्यांकडे बघता तुम्ही तर नक्कीच.

आणि हे इशारे काउंटीच्या नावाने येतात. आपण कुणी विचारलं तर जवळचं गाव सांगतो. आपण कुठल्या काउंटीत आहोत, हे प्रवासात कुणाच्या लक्षात नसतं. रोजच्या मुक्कामाची काउंटी आणि तिच्या नैर्ऋत्येची काउंटी कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटव. वादळं बहुतेक करून नैर्ऋत्येकडूनच येतात. फोनवर विसंबू नकोस, पॅनहँडलमध्ये मैलोन् मैल रेंज नसते. बॅटरीवर चालणारा वेदर रेडिओ घे आणि रात्री उशाशी चालू ठेव. झोपेत आलेलं वादळ सगळ्यात वाईट.

कॅम्पग्राउंडवर पोचलात की वीज-पाणी जोडण्याआधी ऑफिसात जा आणि विचार: स्टॉर्म शेल्टर कुठे आहे? रात्री कुलूप असतं का? किल्ली कुणाकडे? पुष्कळ ठिकाणी काँक्रीट ब्लॉकची आंघोळीची इमारतच शेल्टर म्हणून वापरतात. ‘आहे’ म्हणाले म्हणून समाधान मानू नकोस. ताईला हाताला धरून गाडीच्या पायऱ्या उतरव आणि तिच्या चालीने तिथपर्यंत जाऊन ये. वाटेत खडी आहे का, उतार आहे का, दिवा आहे का, बघून ठेव. तिचे बूट दाराशी असू देत, सपाता नकोत. वादळानंतर जमिनीवर काच आणि खिळे असतात. तिच्या गोळ्या, पासपोर्ट, मुलांची जॅकेटं आणि टॉर्च एका पिशवीत, तीही दाराशीच.

मुक्काम दुपारी तीन-साडेतीनपर्यंत गाठ. टॉर्नेडो सगळ्यात जास्त होतात ते दुपारी चार ते रात्री नऊच्या दरम्यान, त्या वेळी रस्त्यावर असू नये. तरी सापडलातच, तर ट्रक स्टॉप गाठा आणि आतल्या बाजूच्या, खिडक्या नसलेल्या बाथरूममध्ये शिरा. 2024 च्या मे महिन्यात, मेमोरियल डेच्या सुट्टीत, टेक्सासमधल्या व्हॅली व्ह्यू गावाजवळ रात्री टॉर्नेडो आला. तिथल्या वस्तीत सात माणसं गेली. हायवेवरच्या पेट्रोल पंपाच्या दुकानात बाथरूममध्ये दाटीवाटीने बसलेले डझनावारी लोक वाचले. तुमच्याच रस्त्यावर, डॉन्ली काउंटीतल्या रेस्ट एरियात वादळासाठी शेल्टर बांधलेलं आहे. त्याची नकाशावर आत्ताच खूण करून ठेव.

पुलाखाली मात्र थांबायचं नाही. 3 मे 1999 ला ओक्लाहोमात पुलांखाली आसऱ्याला गेलेली माणसं प्राणाला मुकली. त्या अरुंद जागेत वारा आणखी जोराने घुसतो आणि उडालेले पत्रे, लाकडं सोबत आणतो. गारांपासून गाडी वाचवायला लोक पुलाखाली रस्ता अडवून उभे राहतात, तेही करू नका. मागून येणाऱ्याला पावसात काही दिसत नाही. गारांनी छतावरच्या झडपा आणि एसीचं झाकण फुटतं, ते नंतर दुरुस्त करता येतं.

नदीकाठची जागा देखणी असते आणि मुलं हट्ट धरतील. नको. 4 जुलै 2025 च्या पहाटे टेक्सासच्या हिल कंट्रीत ग्वाडालूप नदी पाऊण तासात सुमारे 26 फूट चढली. काठच्या पार्कमधल्या आरव्ही माणसांसकट वाहून गेल्या. आपल्या डोक्यावर पाऊस नसला तरी वर कुठेतरी कोसळलेला असतो. पुरात गाडी वाचवत बसू नका, सगळे पायी उंचावर चढा. रस्त्यावर पाणी असेल तर मागे फिरा, वाहतं पाणी दोन फूट असलं तरी बहुतेक गाड्या उचलते.

वॉच लागला आणि हाताशी वेळ असला, तर ऑनिंग (बाहेरचं कापडी छत) गुंडाळा, स्लाइड-आउट (बाहेर सरकवलेला भाग) आत घ्या, प्रोपेनचा सिलिंडर बंद करा, विजेची केबल काढा. वॉर्निंग झाली असेल तर यातलं काही करायचं नाही. ऑनिंग फाटलं तर फाटू दे.

निघायच्या आधी मुक्कामाच्या प्रत्येक ठिकाणी स्वतः फोन कर आणि शेल्टरचं विचार. ‘नाही’ म्हणाले किंवा उत्तर टाळलं, तर त्या जागेचं बुकिंग रद्द कर, मग ती कितीही छान असो.