पोथीतील विराम आणि श्रीमुखीचे वचन

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींची वचने म्हाइंभटांनी लीळाचरित्रात प्रसंगासह ग्रथित केली आणि त्यांतून केसोबासांनी सूत्रपाठ निवडून काढला. जुन्या पोथीत ही अक्षरे शब्दांमध्ये जागा न सोडता सलग लिहिलेली असतात. फार तर कोठे एक दंड, कोठे दोन. अवतरणचिन्ह नाहीच. त्यामुळे श्रीमुखीचे वचन कोठे संपले व म्हाइंभटांचे निवेदन कोठून सुरू झाले, याचा निर्णय वाचणाऱ्यावर येतो. तो चुकला तर ग्रंथकाराचे वाक्य वचन म्हणून पाठ होईल, किंवा खरे वचन केवळ कथाभाग समजून मागे राहील.

पूर्वी ही अडचण तितकी जाणवत नसे. शास्त्र गुरुमुखातून ऐकावयाचे. पोथी स्मरणाला आधार, आणि विराम निरूपण करणाऱ्याच्या कंठात. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. ल. भावे, वि. का. राजवाडे आदी संशोधकांच्या प्रयत्नाने सकळ लिपीतील पोथ्यांची उकल पंथाबाहेरच्या वाचकांना झाली, तेव्हा अक्षरांची किल्ली मिळाली. विरामांची किल्ली लिपीत नव्हतीच.

स्वल्पविराम, अर्धविराम इत्यादी चिन्हे मराठीत इंग्रजीवरून आली. ती रूढ करण्याचे श्रेय मेजर टॉमस कँडी (१८०४–१८७७) यांस दिले जाते. ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही त्यांची पुस्तिका १८५० ची. परक्याची म्हणून या चिन्हांचा अव्हेर करण्याचे कारण नाही.

मुळशीसारख्या अतिवृष्टीच्या तालुक्यात, मुळा नदीच्या काठी एखाद्या आश्रमात अशी सूचना लिहिली आहे असे समजावे : ‘नदी उतरू नये पावसाळ्यात आश्रमातच राहावे’. ‘नये’ या शब्दानंतर अर्धविराम दिला तर नदी बाराही महिने वर्ज्य ठरते आणि आश्रमवास पावसाळ्यापुरता उरतो. तोच ‘पावसाळ्यात’ या शब्दानंतर दिला तर नदीची बंदी चार महिन्यांची, पण आश्रमवास कायमचा. म्हणजे साधकाचे अटनच संपले. शब्द एकही बदललेला नाही, आचार मात्र बदलला. वासनिकाला हा भेद कदाचित किरकोळ वाटेल. संन्याशाला वाटणार नाही.

म्हणून छापील प्रतीतील संपादकाचा स्वल्पविराम ही एक प्रकारची टीकाच होय. त्याने आधी वचनाचा प्रसंग पाहावा, मागील-पुढील वचनांशी अन्वय लावावा, आणि मग चिन्ह द्यावे. जेथे परंपरेतच दोन अर्थ चालत आले असतील तेथे पोथीतील दंड तसाच ठेवून दोन्ही अन्वय खाली नोंदवणे बरे. उद्गारचिन्ह तर फारच जपून वापरावे. सर्वज्ञांच्या शांत बोलण्याला ते नसता आवेश चिकटवते. प्रश्नचिन्हाची गोष्ट वेगळी. बोलताना प्रश्न पुष्कळदा केवळ स्वरावरून ओळखला जातो, आणि स्वर कागदावर उतरत नाही. बाइसांनी विचारलेला प्रश्न विधान म्हणून छापला गेला, तर त्यावरचे श्रीमुखीचे उत्तर कशाचे उत्तर आहे हेच वाचकाला कळत नाही.