अदृश्य नायकाचा वंश : 'मिस्टर एक्स' (१९५७) ते 'मिस्टर एक्स' (२०१५)

संस्कृत नाटकात अदृश्यता ही प्रामुख्याने ऐकण्याची सोय आहे. 'विक्रमोर्वशीया'च्या दुसऱ्या अंकात उर्वशी तिरस्करिणी विद्येच्या आड राहून पुरूरव्याचे मन जाणून घेते. 'शाकुंतला'च्या सहाव्या अंकात सानुमती तशाच आडोशाने दुष्यंताचा पश्चात्ताप पाहते. या विद्येचे मोल दोघींपैकी कोणालाही द्यावे लागत नाही. एच. जी. वेल्स यांच्या १८९७ च्या कादंबरीने नेमके हे मोलच कथेच्या केंद्रस्थानी आणले. ग्रिफिनला अदृश्य राहायचे तर हिवाळ्यात विवस्त्र हिंडणे भाग पडते. खाल्लेले अन्न पचेपर्यंत पोटात दिसत राहते. अंगावर बर्फ साचला की आकार उघड होतो. विज्ञानकथेतील चमत्काराला नियम असतो आणि तो नियम नायकाला जाचतो, हा भेद येथे स्पष्ट होतो.

मुंबईच्या हिंदी चित्रपटाने हा विषय अनेकदा हाताळला. नानाभाई भट्ट यांचा 'मिस्टर एक्स' १९५७ चा. त्याचे नायक अशोककुमार. १९६४ मध्ये किशोरकुमारांचा 'मिस्टर एक्स इन बॉम्बे' आला. पुढे २०१५ मध्ये नानाभाईंचे पुत्र मुकेश भट्ट यांनी निर्माते म्हणून तेच नाव पुन्हा घेतले. विक्रम भट्ट दिग्दर्शक, इम्रान हाशमी नायक, आणि जोडीला त्रिमितीचे तंत्र. समीक्षकांनी या चित्रपटाला फारसे बरे म्हटले नाही. काटेकोर अर्थाने ही पुनर्निर्मिती नव्हे. परंतु वडिलांच्या चित्रपटाचे नाव धारण केल्यावर वारशाचा प्रश्न टाळता येत नाही.

वारशात नेमके काय यावयास हवे? जयपूरलगतच्या सांगानेरच्या ठसेछपाईचे उदाहरण येथे उपयोगी पडते. तेथे फुलाची बाह्यरेषा उमटविणारा ठसा वेगळा आणि आत रंग भरणारे ठसे वेगळे. रेषाच नसेल, तर कितीही रंग घातले तरी कापडावर डागच पडतात. अदृश्य माणसाच्या कथेत ही बाह्यरेषा म्हणजे तिचा नियम होय.

शेखर कपूर यांच्या 'मिस्टर इंडिया'ने (१९८७) ती रेषा ठळक राखली. सलीम-जावेद यांच्या पटकथेतील नायक लाल प्रकाशात किंवा लाल काचेतून तेवढा दिसतो. हा नियम भौतिकीच्या कसोटीवर टिकणारा नाही. पण तो कथेत राबतो. एका रंगामुळे प्रत्येक प्रसंगाला धोका लाभतो, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या नायकाचे दृश्य माध्यमात काय करावे ही मूळ अडचणही सुटते. शिवाय हा नायक गरीब आहे, अनाथ मुलांचा पोशिंदा आहे. त्याच्या अदृश्यतेचा उपयोग उपाशी माणसाला घास मिळवून देण्याकडे होतो. वेल्सच्या भुकेल्या, एकाकी ग्रिफिनचे हे अगदी उलटे रूप. हनुमानाची मूर्ती गुंडांना चोपते त्या प्रसंगात तर प्रयोगशाळेतील यंत्र आणि लोकश्रद्धा एकाच चौकटीत येतात. प्रेक्षकाला दोन्ही कळतात आणि कोठेही विसंवाद जाणवत नाही. अदृश्यतेचे यंत्र नायकाच्या हाती देणारे वृद्ध प्राध्यापक सिन्हा आहेत अशोककुमार! १९५७ चा मिस्टर एक्स येथे आपला वसा पुढच्या पिढीला देतो. पडद्यावरचा वारसा याहून नेमका क्वचितच सांगितला गेला असेल.

२०१५ च्या चित्रपटातही नियम आहे : नायक उन्हात आणि निळ्या प्रकाशात दिसतो. परंतु हे ऊन त्याला जाचत नाही. पटकथेला हवे तेव्हा ते येते, नको तेव्हा मावळते. अदृश्यता ही सूडाची हत्यारपेटी ठरते, आणि तो सूडही खाजगी. कल्पना जुनी होती म्हणून चित्रपट फसला, हे स्पष्टीकरण मात्र पटण्यासारखे नाही. ली व्हॅनेल यांनी २०२० मध्ये वेल्सचीच कल्पना घेतली आणि कॅमेरा त्या पुरुषाकडून काढून त्याच्या पाळतीखाली जगणाऱ्या स्त्रीकडे वळविला. अदृश्यतेचे मोल तेथे ती स्त्री देते. आपले बोलणे कोणी चोरून ऐकत आहे हे पुरूरव्याला जाचत नाही. ते कळताच तो आनंदतो. सिसिलियाच्या वाट्याला भीती येते, कारण खोलीत कोणीतरी आहे हे तिला ठाऊक आहे आणि त्यावर विश्वास ठेवायला कोणीच तयार नाही.