पायथॉनचं इफ-एल्स: तुमची सवलत कॉम्प्युटरला नीट समजलीय का?

मागच्या भागांत आपण व्हेरिएबल बघितलं, इनपुट आणि प्रिंट बघितलं. आज कॉम्प्युटरला निर्णय घ्यायला शिकवायचंय. टाइप कसं करायचं ते व्हिडिओत दिसतंच, म्हणून इथे त्यामागचा विचार जरा सावकाश लिहिला आहे. व्हिडिओ बघताना वही जवळ नसेल तर हा लेख उघडा ठेवा.

आधी एक सूचना. खाली कोड वाचायला सोपा जावा म्हणून इफ, एलिफ, एल्स हे शब्द आणि आकडे देवनागरीत लिहिले आहेत. तुम्ही टाइप करताना हे शब्द इंग्रजी छोट्या अक्षरांत टाकायचे आणि आकडेही इंग्रजी. 'रक्कम', 'सवलत' ही व्हेरिएबलची नावं मात्र मराठीत ठेवली तरी पायथॉन ३ ला चालतात. गंमत म्हणजे इनपुट घेताना ग्राहकाने '५००' असं मराठीत टाइप केलं, तरी इंट त्याचा बरोबर आकडा करून देतो. पण कोडमध्ये थेट मराठी आकडा लिहिलात तर एरर येईल.

आता कामाचं. समजा तुमचा दिवाळी फराळाचा व्यवसाय आहे. पॅम्प्लेटवर तुम्ही छापलंय: १,००० रुपयांपासून ३ टक्के सवलत, ३,००० पासून ५ टक्के, १०,००० पासून १० टक्के. काउंटरवर बसलेल्या माणसाला हे वाचून लगेच समजतं. १२,५०० ची ऑर्डर आली की तो १० टक्के लावतो, डोकं खाजवत बसत नाही. कॉम्प्युटरला मात्र एकेक ओळ वरून खाली वाचायची सवय. बऱ्याच जणांचा पहिला प्रयत्न पॅम्प्लेटच्याच क्रमाने उतरतो:

इफ रक्कम >= १०००:
    सवलत = ३
एलिफ रक्कम >= ३०००:
    सवलत = ५
एलिफ रक्कम >= १००००:
    सवलत = १०
एल्स:
    सवलत = ०

प्रोग्राम चालतो. एरर येत नाही. ५०० टाकून बघितलं, ० आलं. १,५०० टाकून बघितलं, ३ आलं. झालं, बरोबर आहे म्हणून आपण मोकळे! आता १२,५०० टाका. सवलत ३ टक्केच येते. कारण पायथॉनने पहिली अट विचारली, 'रक्कम हजार किंवा जास्त आहे का?' उत्तर 'हो' आलं, त्याने ३ टक्के लावले आणि खालच्या एलिफकडे बघितलंसुद्धा नाही. इफ-एलिफ-एल्सच्या साखळीत पहिली खरी ठरलेली अट जिंकते, बाकीच्यांचा नंबरच लागत नाही. ज्या सोसायटीच्या सेक्रेटरींना तुम्ही तोंडी १० टक्के कबूल केले होते, त्यांच्या बिलात १,२५० ऐवजी ३७५ रुपये सवलत दिसणार. ८७५ रुपये जास्त लावल्याचं त्यांना कळलं, की पुढच्या वर्षीची ऑर्डर दुसरीकडे.

उपाय सोपा: 'पासून' असलेल्या अटी मोठ्या आकड्याकडून लहान आकड्याकडे लिहायच्या.

इफ रक्कम >= १००००:
    सवलत = १०
एलिफ रक्कम >= ३०००:
    सवलत = ५
एलिफ रक्कम >= १०००:
    सवलत = ३
एल्स:
    सवलत = ०

मग काही जण विचारतात, एलिफ कशाला, तीन वेगवेगळे इफ लिहिले तर? इथे खरं नुकसान होतं, म्हणून हिशेब करूनच बघू.

बिल = रक्कम
इफ रक्कम >= १००००:
    बिल = बिल - बिल * १० / १००
इफ रक्कम >= ३०००:
    बिल = बिल - बिल * ५ / १००
इफ रक्कम >= १०००:
    बिल = बिल - बिल * ३ / १००

वेगवेगळे इफ म्हणजे वेगवेगळे प्रश्न. प्रत्येक प्रश्न स्वतंत्रपणे विचारला जाणार. १२,५०० ही रक्कम तिन्ही अटींत बसते. आधी १० टक्के गेले, उरले ११,२५०. त्यावर ५ टक्के, उरले १०,६८७.५०. त्यावर आणखी ३ टक्के, उरले साधारण १०,३६७. द्यायची होती १,२५० सवलत, दिली गेली २,१३३. आता समजा फराळावर तुमचं मार्जिन १५ टक्के आहे, म्हणजे या ऑर्डरवर १,८७५ रुपये. ठरल्याप्रमाणे सवलत दिली असती तर ६२५ रुपये हातात राहिले असते. या कोडने तुम्ही २५८ रुपये पदरचे घातलेत, तेही तळण-भाजणीची सगळी मेहनत करून. आणि ग्राहक काही तक्रार करायला येणार नाही! ग्राहकाला जास्त लावलं तर फोन येतो, कमी लावलं तर कुणीच काही बोलत नाही. म्हणून या बाजूची चूक महिनोन्‌महिने लपून राहू शकते.

तेव्हा लिहिण्याआधी स्वतःला विचारा: यातली एकच गोष्ट लागू व्हायची आहे, की जेवढ्या बसतील तेवढ्या सगळ्या? एकच असेल तर इफ-एलिफ-एल्स. सगळ्या असतील, जसं गिफ्ट पॅकिंगचे वेगळे ५० आणि तातडीच्या ऑर्डरचे वेगळे १००, तर वेगवेगळे इफ बरोबर.

आता काठावरच्या आकड्यांचं. बरोब्बर ३,००० ची ऑर्डर आली तर? आपल्या बोलण्यात 'तीन हजारांच्या वर', 'तीन हजारांपासून', 'किमान तीन हजार' हे सगळं एकाच अर्थाने येतं. कोडमध्ये तसं चालत नाही. 'च्या वर' म्हणजे नुसतं >, त्यात ३,००० धरले जात नाहीत. 'पासून' आणि 'किमान' म्हणजे >=, त्यात ३,००० येतात. 'पर्यंत' म्हणजे <=. आणि 'च्या आत' हा शब्द सगळ्यात फसवा, तो कुणी कसाही घेतो. पॅम्प्लेट छापायच्या आधीच यातलं काय म्हणायचंय ते ठरवा. हा निर्णय प्रोग्रामरने घ्यायचा नाही, मालकाने घ्यायचा.

याच काठावर धंद्याची एक गोष्ट दडलेली आहे. २,९९० च्या ऑर्डरला ३ टक्के सवलत, ग्राहक देणार २,९००.३०. ३,००० च्या ऑर्डरला ५ टक्के, देणार २,८५०. म्हणजे दहा रुपयांचा माल जास्त घेणारा पन्नास रुपये कमी देतो. इथे कोड बरोबर आहे, पण स्लॅबची सवलत अशीच असते. ती टाळता येत नाही, मात्र वापरता येते. रक्कम २,९४० ते २,९९९ मध्ये असेल तर 'अजून थोडा माल घ्या, ५ टक्के मिळतील' असा निरोप दाखवणारा एक इफ घाला. ग्राहक खूश होतो, आणि नंतर कुणीतरी लक्षात आणून देण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं.

डिलिव्हरीचा नियम घेऊ. पुणे आणि पिंपरीत डिलिव्हरी मोफत, बाकी ठिकाणी ८० रुपये. आपण जसं बोलतो तसंच लिहून मोकळं व्हावंसं वाटतं:

इफ गाव == "पुणे" ऑर "पिंपरी":
    डिलिव्हरी = ०

ही ओळ नागपूरलाही मोफत डिलिव्हरी देईल! पायथॉन इथे दोन वेगळे प्रश्न वाचतो: 'गाव पुणे आहे का?' आणि 'पिंपरी?' दुसऱ्यात तुलनाच नाही, नुसता शब्द आहे, आणि रिकामा नसलेला कुठलाही शब्द पायथॉन खरा धरतो. त्यामुळे अट कायम खरी. बरोबर पद्धत अशी: इफ गाव इन ["पुणे", "पिंपरी"]. उद्या चिंचवड वाढवायचं झालं तर कंसात एक नाव जोडलं की काम झालं.

अँड आणि ऑर एकत्र आले की आणखी सांभाळा. 'जुना ग्राहक किंवा ३,००० ची ऑर्डर, आणि अंतर ५ किलोमीटरपर्यंत' हा नियम कंस न घालता लिहिला तर पायथॉन आधी अँडची जोडी लावतो. म्हणजे ५ किलोमीटरची अट फक्त मोठ्या ऑर्डरला लागते आणि जुना ग्राहक चाळीस किलोमीटरवर असला तरी मोफत. म्हणून ऑरच्या दोन्ही बाजू कंसात घाला. गुणाकार आधी की बेरीज आधी असा गोंधळ टाळायला शाळेत आपण कंस घालायचो, तसंच हे.

छोट्या गोष्टी भराभर सांगतो. एकच = म्हणजे 'किंमत ठेव', दोन == म्हणजे 'सारखं आहे का'. अटीच्या शेवटी कोलन विसरू नका. इनपुटमधून आलेली गोष्ट मजकूर असते, तिला इंटमध्ये घातल्याशिवाय आकड्याशी तुलना केलीत तर टाइप एरर येतो. तो येतो हे चांगलंच आहे, निदान कळतं तरी. अटीखालची ओळ चार स्पेस आत घ्या. बऱ्याच भाषांत हे काम महिरपी कंस करतात, पायथॉनमध्ये जागा करते. म्हणून बिल प्रिंट करायची ओळ चुकून एल्सखाली आत राहिली, तर फक्त हजाराच्या आतल्या ग्राहकांची बिलं निघतील.

आता सवलतीच्या उलट्या क्रमाचं उदाहरण, आणि ते तुमच्या उपयोगाचंही आहे: मुद्रा कर्ज. प्रधानमंत्री मुद्रा योजना २०१५ साली सुरू झाली. ५०,००० पर्यंत शिशु, त्यापुढे ५ लाखांपर्यंत किशोर, त्यापुढे १० लाखांपर्यंत तरुण. २०२४ मध्ये तरुण प्लस आलं, २० लाखांपर्यंत, पण ज्यांनी आधीचं तरुण कर्ज नीट फेडलंय त्यांनाच. इथे सगळीकडे 'पर्यंत' आहे, म्हणजे <=, म्हणून लहान आकडा आधी:

इफ कर्ज <= ०:
    प्रिंट("रक्कम तपासा")
एलिफ कर्ज <= ५००००:
    प्रिंट("शिशु")
एलिफ कर्ज <= ५०००००:
    प्रिंट("किशोर")
एलिफ कर्ज <= १००००००:
    प्रिंट("तरुण")
एलिफ कर्ज <= २००००००:
    इफ तरुण_फेडले == "हो":
        प्रिंट("तरुण प्लस")
    एल्स:
        प्रिंट("आधीचं तरुण कर्ज फेडलेलं हवं")
एल्स:
    प्रिंट("मुद्राच्या मर्यादेबाहेर")

कोडमध्ये लाख-कोटीचे स्वल्पविराम देत नाहीत हे बघून ठेवा. इफच्या पोटात आणखी एक इफ आहे, कारण फेडल्याचा प्रश्न फक्त १० लाखांवरच्यांनाच विचारायचाय. आणि शेवटचं एल्स बघा. आळस करून तिथेच 'तरुण प्लस' लिहिलं असतं, तर ५० लाख मागणाऱ्यालाही प्रोग्रामने तरुण प्लस म्हटलं असतं. एल्स म्हणजे उरलंसुरलं सगळं, त्यात चुकून टाइप केलेला आकडाही आला. म्हणून एल्समध्ये पैसे देणारा निर्णय शक्यतो ठेवू नये, असं माझं मत.

'हे सगळं एक्सेलमध्ये होत नाही का?' होतं. दोन-तीन नियम असतील तर एक्सेलच वापरा, उगाच पायथॉनच्या मागे लागू नका. पण इफच्या आत इफ करत पाच कंस एकापाठोपाठ बंद करायची वेळ आली, की ते सूत्र दुसऱ्या दिवशी लिहिणाऱ्यालाच वाचता येत नाही. तिथे पायथॉन बरा.

प्रोग्राम काउंटरवर लावायच्या आधी तपासायचा कसा? मधले आकडे टाकून उपयोग नाही, काठावरचे टाका. फराळाच्या उदाहरणात ०, ९९९, १०००, २९९९, ३०००, ९९९९, १०००० आणि १२५००. प्रत्येकाचं उत्तर आधी वहीत हाताने काढा, मग प्रोग्राम चालवा. आधी प्रोग्राम चालवलात तर समोर आलेलं उत्तर बरोबरच वाटतं, माणसाचं मन तसंच आहे.

गृहपाठ: उद्यम नोंदणीसाठी १ एप्रिल २०२५ पासूनच्या मर्यादा अशा. सूक्ष्म उद्योग: यंत्रसामग्रीतली गुंतवणूक २.५ कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत. लघु: २५ कोटी आणि १०० कोटी. मध्यम: १२५ कोटी आणि ५०० कोटी. दोन्ही अटी पाळल्या तरच तो वर्ग, एक जरी ओलांडली तर वरच्या वर्गात. आकडे कोटीत घेऊन प्रोग्राम लिहा, मग गुंतवणूक २ आणि उलाढाल १२ टाकून बघा. 'सूक्ष्म' आलं तर तुमच्या अँडच्या जागी ऑर पडलंय. पुढच्या भागात हाच सवलतीचा कोड फॉर लूपमध्ये घालून दिवसभराच्या सगळ्या ऑर्डरींवर एकदम चालवू, तेव्हा आजची फाइल जपून ठेवा.