सहज सुचणारी सुधारणा आणि पेटंट

मेढ्याच्या परिसरात बोअर घ्यायचे म्हणजे काळ्या पाषाणाशी गाठ. बोअर जसजसे खोल जाते तसतसा एकेक रॉड आट्यांनी जोडावा लागतो. सांधा झिजून तुटला तर खालचे रॉड आतच अडकतात आणि केलेला खर्च वाया जातो. म्हणून आट्यांचा उतार, खोली किंवा कपलिंगची ठेवण बदलून सुधारित सांधे केले जातात व त्यांवर पेटंट मागितले जाते. तेथेच वाद सुरू होतो : यात नवीन ते काय?

हाच प्रश्न कोळपे किंवा पेरणीयंत्र सुधारणाऱ्या शेतकऱ्यालाही विचारला जातो. पेटंट कायदा, १९७० प्रमाणे वस्तू नुसती नवीन असून भागत नाही. ती त्या धंद्यातील जाणकाराला सहज सुचण्याजोगी नसावी लागते. हा जाणकार म्हणजे कोणी मोठा शास्त्रज्ञ नव्हे. रोज लेथवर आटे पाडणारा कसबी कारागीर डोळ्यांपुढे आणावा. एका पाइपाचे निमुळते आटे दुसऱ्या रॉडला पाडले, तर तो म्हणेल, "हे मीही केले असते." मात्र त्याच बदलाने कोणाच्या ध्यानीमनी नसलेला फायदा झाला, तर त्याला तसे म्हणता येणार नाही.

मिर्झापूरच्या भांडी उत्पादकांचा खटला या बाबतीत पाहण्यासारखा आहे. लेथवर भांडे पक्के धरण्याच्या साधनाचे पेटंट एका कंपनीकडे होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७८ मध्ये ते टिकू दिले नाही. माहीत असलेले भाग एकत्र जोडून केलेली कारखान्यातली किरकोळ सुधारणा म्हणजे शोध नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे.

सांगलीच्या हळद उत्पादकांना दुसरे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत मार्च १९९५ मध्ये दिले गेले. आपल्याकडे हे घरोघरी माहीत. पण पेटंट कार्यालयापुढे आजीबाईच्या बटव्याचे नाव घेऊन चालत नाही, छापील पुरावा लागतो! डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये फेरतपासणी मागितली आणि जुन्या ग्रंथांचे, तसेच १९५३ सालच्या एका वैद्यकीय लेखाचे दाखले दिले. ऑगस्ट १९९७ मध्ये सर्व दावे फेटाळले गेले.

तेव्हा अवजारात काही सुधारणा केल्यास तारीखवार वही ठेवावी. आधी काय अडचण होती, कोणते उपाय फसले, मोजमापात काय फरक पडला, हे सारे लिहावे. फसलेले उपाय जरूर नोंदवावेत. सुधारणा सहज सुचणारी नव्हती हे दाखवायला तेच कामी येतात. अर्ज करण्यापूर्वी वस्तू शेतकरी मेळाव्यात मांडू नये किंवा तिची माहिती छापू नये, कारण त्यामुळे नवेपणा जाऊ शकतो. प्रथम तात्पुरता अर्ज करून बारा महिन्यांत पूर्ण तपशील देता येतो. महाराष्ट्रातील अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातात. लागवडीच्या पद्धतीला मात्र पेटंट मिळत नाही.

उलट, गावात पूर्वापार वापरात असलेल्या साधनावर दुसऱ्या कोणी पेटंट मागितले, तर अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मंजूर होईपर्यंत कोणालाही लेखी हरकत घेता येते. मंजुरी प्रसिद्ध झाल्यावर संबंधितांना एक वर्षाची मुदत असते. हरकतीसोबत जुनी बिले, तारखेचे फोटो व छापील माहितीपत्रके जोडावीत.