अर्जातील एक रकाना

नोकरीचा अर्ज म्हणजे एकदाची उरकायची कटकट, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. मीही त्याच पंथाचा होतो. तृतीय वर्षाची परीक्षा आटोपताच एका सरकारी कार्यालयातील लिपिकपदासाठी अर्ज भरला. नेटकॅफेत मागे रांग होती. शैक्षणिक अर्हतेच्या रकान्यात बेधडक ‘पदवीधर’ असे नोंदविले. निकाल लागायचा होता; पण पेपर चांगले गेले होते, मग शंका कसली?

लेखी परीक्षा उत्तीर्ण झालो. घरी पेढेही वाटले गेले. कागदपत्रांच्या पडताळणीत मात्र टेबलापलीकडच्या बाईंनी गुणपत्रिकेवरील तारखेवर बोट ठेवले. अर्जाची मुदत संपल्यावर चार दिवसांनी माझा निकाल जाहीर झाला होता! मी अपात्र ठरलो. बाई सौम्यपणे बोलल्या, तेच अधिक लागले.

त्यानंतर ती जाहिरात मी प्रथमच शेवटपर्यंत वाचली. अर्हता कोणत्या तारखेस हवी, हे चौथ्या पानावर स्वच्छ लिहिले होते. वयाची तारीख आणखी निराळी. तेव्हा मित्रहो, अर्जाआधी जाहिरात वाचावी आणि तारखांखाली पेन्सिलीने रेघ मारावी. नाव दहावीच्या प्रमाणपत्राबरहुकूम लिहावे. लग्नानंतर नाव बदललेल्या भगिनींनी राजपत्राची प्रत हाताशी ठेवावी. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद आहेत. नॉन-क्रीमीलेअर दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, हे तर एप्रिलमध्येच अनेकांच्या ध्यानात येते. लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापन २००५ च्या नियमांनुसार द्यावे लागते; त्याचा नमुना आधी वाचून ठेवावा.

खाजगी नोकरीच्या अर्जात आपण दुसरी चूक करतो. ‘मी मेहनती व होतकरू आहे’ असे सगळेच लिहितात, त्यातून वाचणाऱ्याला काय कळणार? राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात मी पन्नास जणांच्या शिध्याचा हिशेब ठेवला होता. एवढे एक वाक्य मी आता लिहितो. प्राध्यापकांचे नाव संदर्भासाठी देण्यापूर्वी त्यांना विचारतो. पूर्वी तेवढेही सुचले नव्हते.

या महिन्यात पुन्हा अर्ज भरला. ‘सादर करा’ हे बटण दाबण्याआधी मूळ कागद शेजारी ठेवून एकेक रकाना ताडून पाहिला. नेटकॅफेवाल्याने तीनदा घड्याळाकडे पाहिले.