लाकडावरचा ताजमहाल

मुलांनो, तुमच्या घरी ठशांनी छापलेली एखादी चादर किंवा ओढणी असेल. ती जवळ घेऊन नीट पाहा. लाल फूल एका ठशाचे, हिरवे पान दुसऱ्या ठशाचे. ठसा थोडा जरी सरकला, तरी पान देठ सोडून बाजूला पडते. जपानमध्ये अशाच लाकडी ठशांनी कागदावर चित्रे छापण्याची जुनी कला आहे. या कलेसाठी नाव मिळवलेल्या एका चित्रकाराची ही हकीकत आहे. त्यांचे नाव हिरोशी योशिदा. गंमत अशी, की ही आपल्याच देशाची कला त्यांना खऱ्या अर्थाने उमगली ती परदेशात.

हिरोशींचा जन्म 1876 साली जपानमधील कुरुमे या गावी झाला. शाळेत असतानाच त्यांचा चित्रकलेतला हात पाहून कासाबुरो योशिदा या चित्रकला शिक्षकांनी त्यांना दत्तक घेतले. पुढे थोड्याच वर्षांत कासाबुरो वारले आणि घराचा भार या तरुण मुलावर पडला. हिरोशी तेव्हा ठसे कोरत नव्हते. ते युरोपीय पद्धतीची जलरंगातील व तैलरंगातील चित्रे काढत. त्या काळी सरकारी शिष्यवृत्ती मिळवून काही चित्रकार फ्रान्सला शिकायला जात. पण त्या शिष्यवृत्त्या दुसऱ्या गटातील चित्रकारांकडे जात. मग योशिदांनी स्वतःच्या हिमतीवर परदेशी जायचे ठरवले. 1899 साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते हाचिरो नाकागावा या मित्राबरोबर बोटीने अमेरिकेला निघाले.

डेट्रॉइट शहरातील एका धनिक कलाप्रेमी गृहस्थाच्या नावे त्यांच्याजवळ ओळखपत्र होते. दोघे तेथे पोचले, तर ते गृहस्थ नेमके परगावी गेलेले! परक्या देशात आता काय करावे? योशिदा आपली चित्रे घेऊन तेथील कलासंग्रहालयात गेले. संग्रहालयाच्या संचालकांनी ती पाहिली आणि दोघांच्या चित्रांचे प्रदर्शनच भरवले. पुष्कळ चित्रे विकली गेली. पाठोपाठ बॉस्टनलाही प्रदर्शन झाले. त्या पैशांतून ते युरोप पाहून आले. 1903 मध्ये ते पुन्हा निघाले, तेव्हा कासाबुरोंची मुलगी फुजिओ बरोबर होती. तीही चित्रकार होती. परतल्यावर 1907 मध्ये त्यांचा विवाह झाला.

आता कथेतील कठीण भाग येतो. 1 सप्टेंबर 1923 रोजी टोकियो भागात भयंकर भूकंप झाला. भूकंपामागून आगी लागल्या व शहराचा मोठा भाग जळाला. योशिदांनी नुकतीच वातानाबे नावाच्या प्रकाशकासाठी काही छापचित्रे केली होती. त्या प्रकाशकाचे दुकान, त्यातील छापलेले कागद आणि कोरलेल्या फळ्या, सारे राख झाले. योशिदांचे अनेक चित्रकार मित्रही संकटात होते. तेव्हा सर्वांची चित्रे विकून पैसे उभे करण्यासाठी योशिदा पतिपत्नी पुन्हा अमेरिकेला गेली. तेथे त्यांना एक नवल दिसले. मोठ्या कष्टाने काढलेल्या तैलचित्रांपेक्षा लोक ठशांची चित्रे अधिक आवडीने घेत होते. इतकेच नव्हे, तर जपानमधून आलेली सुमार छापचित्रेही चांगल्या किमतीला खपत होती. योशिदांना याचा आनंद झाला, तसे वाईटही वाटले. जगाला आपली ही कला एवढी आवडते, तर ती अशी निकृष्ट का असावी?

1925 साली ते मायदेशी परतले. वय एकोणपन्नास वर्षे. चित्रकार म्हणून नाव झालेले होते. तरीही त्यांनी स्वतःचा छापखाना काढला आणि एका अर्थी पुन्हा विद्यार्थी झाले.

यात विशेष काय, ते समजून घ्या. उर्दू वर्तमानपत्रे पूर्वी कातिब हाताने लिहीत आणि मग ती दगडावरून छापली जात. लिहिणारा वेगळा, छापणारा वेगळा. जपानी छापचित्राचेही तसेच होते. चित्रकार पातळ कागदावर चित्र काढी. तो कागद चेरीच्या लाकडाच्या फळीवर उलटा चिकटवून कोरणारा कारागीर रेषा तेवढ्या ठेवी आणि बाकीचे लाकूड काढून टाकी. प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा लागे. छापणारा ठशावर रंग लावून त्यावर ओलसर कागद पसरी आणि पाठीमागून बांबूच्या सालीने मढवलेल्या चकतीने घाशी. कागद प्रत्येक वेळी त्याच जागी बसावा, म्हणून ठशाच्या कडेला दोन खाचा असत. चित्रकार मात्र एकदा चित्र देऊन मोकळा होई.

योशिदांना हे पटेना. ते स्वतः कोरायला व छापायला शिकले. कारागीर नेमले, तरी प्रत्येक काम आपल्या नजरेखाली करून घेतले. त्यांच्या एका चित्रासाठी कागद सरासरी तीस वेळांहून अधिक छापावा लागे. एका प्रवेशद्वाराच्या चित्रासाठी तर तो 96 वेळा छापला गेला! शहाण्णवाव्या वेळी खाच चुकली, तर आधीच्या पंचाण्णव वेळांचे श्रम वाया. ज्या प्रतीचे काम त्यांच्या देखरेखीखाली झाले, तिच्या समासात ते 'जिझुरी', म्हणजे 'स्वतः छापलेले', असा शिक्का मारत. संग्राहक आजही तो शिक्का आधी शोधतात.

1926 मध्ये त्यांनी शिडाच्या होड्यांचे चित्र केले. त्याच ठशांवर रंग बदलून त्यांनी सकाळ, दुपार, धुके, संध्याकाळ आणि रात्र दाखवली. रेषा त्याच, पण प्रत्येक चित्रातील हवा निराळी.

1930 च्या अखेरीस ते तोशी या मुलाला घेऊन भारतात आले. तोशी एकोणीस वर्षांचा होता. लहानपणी पोलिओ झाल्याने त्याचा एक पाय अधू होता, तरी तो वडिलांबरोबर हिंडला. बापलेकांनी वाराणसीचे घाट, फत्तेपूर सिक्री, अमृतसरचे सुवर्णमंदिर, उदयपूर आणि कांचनगंगेचे शिखर पाहिले. ताजमहालावर योशिदांनी एक नव्हे, सहा चित्रे केली. पहाटेच्या धुक्यातील ताज पाहावा, तर तो धुक्याचाच बनलेला वाटतो. रात्रीच्या चित्रात तोच ताज निळ्या अंधारात उभा आहे. संगमरवर पांढरा असतो असे आपण सहज म्हणतो. ही चित्रे पाहिल्यावर तसे म्हणताना थोडे थांबावे लागते.

1950 साली टोकियोत योशिदांचे निधन झाले. त्यांची सुमारे अडीचशे छापचित्रे आहेत. त्यानंतर फुजिओही ठशांच्या कामाकडे वळल्या. तोशी आणि त्याचा धाकटा भाऊ होदाका दोघेही छापचित्रकार झाले. तोशी पुढे आफ्रिकेत गेला आणि तेथील हत्ती, सिंह व झेब्रे लाकडात कोरून घेऊन आला.

स्वाध्याय

1. योशिदा डेट्रॉइटला पोचल्यावर कोणती अडचण आली? त्यांनी ती कशी सोडवली?
2. अमेरिकेत छापचित्रे खपताना पाहून योशिदांना आनंद झाला आणि वाईटही वाटले. असे का?
3. 'कातिब' आणि जपानी चित्रकार यांच्या कामात कोणते साम्य पाठात सांगितले आहे?
4. तुमच्या शाळेची इमारत सकाळी व संध्याकाळी पाहा. रंगांत काय फरक दिसतो, ते पाच-सहा ओळींत लिहा.